येळ्ळुरात बसून बेसबॉलचा अख्खा हंगाम कसा पाळावा

संघ निवडायचा तर आधी घड्याळ बघा. नाव, जर्सी, कुणाकडं कोण खेळाडू, हे सगळं नंतर. हंगामाच्या दिवसांत अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेनऊ तास मागं असतो आणि पश्चिम किनारा साडेबारा. न्यूयॉर्कला संध्याकाळी सात पाचला सुरू झालेली मॅच आपल्याकडं पहाटे चार पस्तीसला लागते, तर सिॲटलची सहा चाळीसची मॅच सकाळी सात दहाला. मी गावच्या दूध डेअरीचा सचिव. संकलन सहाला सुरू होतं, सातच्या सुमारास शेवटची किटली येते, कॅन गाडीत चढले की मी मोकळा. सिॲटल मरिनर्स माझ्या वाट्याला आले ते असे. भाचा तिकडंच नोकरीला आहे, २०२२ साली त्यानं मोबाइलवर एमएलबीचं, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल स्पर्धेचं, ॲप घालून दिलं आणि म्हणाला, "मामा, ही रोज असते. तुम्हाला जमेल."

रोज असते, हेच आधी अंगवळणी पडायला पाहिजे. एका संघाच्या १६२ मॅच, त्यातल्या ८१ घरच्या मैदानावर. मार्चच्या शेवटी सुरू होतात आणि सप्टेंबर संपता संपता संपतात. आमच्याकडं शिवारात नांगरट चालू असताना पहिली मॅच होते आणि भात पोसवून गेल्यावर शेवटची. मध्ये जुलैत चार दिवसांची सुट्टी, एरवी आठवड्यातनं एखादा दिवस मोकळा मिळाला तर मिळाला. क्रिकेटच्या मॅचसारखं सगळं काम सोडून बसायचं म्हटलं तर पंधरा दिवसांत कंटाळाल. डेअरीचं रजिस्टर जसं चालवतो तसा हंगाम चालवायचा: रोज थोडं, पण रोज.

म्हणून दुसरं काम, वही करा. दोनशे पानी लांब वही पुरते. रकाने पाच: तारीख, कुणाशी, घरी की बाहेर, धावा, आणि सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण. तारीख अमेरिकेचीच लिहा. पहिल्या वर्षी मी आपली तारीख लिहीत होतो आणि मे महिन्यात सगळा हिशेब एका दिवसानं चुकत गेला, ती पानं परत लिहावी लागली. पिचरचा रकाना मात्र सोडू नका. पाच-सहा पिचर आळीपाळीनं सुरुवात करतात, एकदा टाकला की त्याला चार-पाच दिवस विश्रांती. त्यामुळं संघ तोच असला तरी सोमवारचा आणि मंगळवारचा वेगळाच. महिनाभर हा रकाना भरला की सकाळी नाव वाचूनच कळायला लागतं की आज सोपं जाणार की अवघड.

थेट बघायला पैसे भरावे लागतात. ॲपमध्ये गेमडे म्हणून असतं ते फुकट आहे. त्यात चित्र नाही, पण प्रत्येक चेंडू कुठं पडला, किती वेगाचा, बेसवर (धाव पुरी करताना मध्ये थांबायच्या ठिकाणी) कोण उभा, सगळं ठिपक्यांनी दिसतं आणि नेट फार खात नाही. आमच्याकडं जून-जुलैत पाऊस लागला की लाईट किती वेळ जाईल सांगता येत नाही, एकदा सलग दोन दिवस नव्हती, तेव्हा गेमडेच उपयोगाला आलं. दुपारी जेवण झाल्यावर यूट्यूबवर दहा मिनिटांत सगळी मॅच दाखवतात, ती बघा. रविवारची सिॲटलची मॅच दुपारची असते, म्हणजे आपल्याकडं रात्री एक चाळीसला. त्यासाठी जागू नका. एक वर्ष मी जागत होतो आणि सोमवारी फॅटचे आकडे लिहिताना दोनदा चुका झाल्या. शेतकऱ्याचा पैसा असतो तो.

आता आकडे. दहा वेळा बॅटिंगला येऊन जो तीनदा चेंडू मारून बेस गाठतो त्याची सरासरी ३००, म्हणजे हजारात तीनशे, आणि तो चांगला धरतात. म्हणजे चांगला माणूससुद्धा सात वेळा बाद. हे पटायला मला वेळ लागला नाही, कारण दुधाचं तेच आहे. शेवटची धार पारडानं प्यायली की फॅट उतरते, ओला चारा जास्त झाला की उतरते. एका वेळच्या फॅटवरनं म्हैस बाजाराला काढलेला माणूस मी बघितलाय, नंतर हळहळत होता. एका दिवसावरनं खेळाडूची पारख करू नका, निदान चाळीस मॅच जाऊ द्या. आणि नुसत्या सरासरीवरही जाऊ नका. कॅल रॅली हा आमचा कॅचर. २०२५ मध्ये त्याची सरासरी होती २४७, दिसायला साधीच. पण त्यानं ६० होमरन मारले, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. कॅचरनं एका हंगामात इतके कधीच मारले नव्हते, आधीचा विक्रम ४८ चा. कॅचर म्हणजे बॅट्समनच्या मागं मॅचभर उकिडवं बसून चेंडू झेलणारा माणूस. आमच्या गावात आखाड्याला जाणारी पोरं आहेत, त्यांना विचारा दीडशे बैठका मारून वर ताकदीचं काम करणं म्हणजे काय ते.

गुणतक्ता बघताना गोंधळू नका. तीस संघ, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच संघांचे तीन गट. सिॲटलच्या गटात ह्यूस्टन, टेक्सस, एंजल्स आणि ॲथलेटिक्स. तक्त्यात 'किती मॅच मागं' असा एक आकडा असतो. जिंकलेल्यांतला फरक आणि हरलेल्यांतला फरक मिळवायचा, दोननं भागायचं. एक संघ ५० जिंकून ४० हरलाय, दुसरा ४७ जिंकून ४३ हरलाय, तर दुसरा तीन मॅच मागं. जूनपर्यंत हा आकडा आठवड्यातनं एकदाच बघा. रोज बघितला तर चहा गोड लागत नाही.

हरण्याचं मात्र नीट सांगितलं पाहिजे, कारण बहुतेकजण तिथंच सोडतात. २००१ मध्ये, इचिरो सुझुकी हा जपानी खेळाडू आला त्या वर्षी, मरिनर्सनी ११६ मॅच जिंकल्या. त्याहून जास्त आजवर कुणीच जिंकलेल्या नाहीत. तरी ४६ हरले. २०२५ ला गट जिंकला तेव्हा हिशेब ९०-७२ होता. बहात्तर सकाळी मी वहीत हार लिहिली. मंडळी चहा आणून विचारते, "आज काय केलं हो तुमच्या सिॲटलनं?" आणि आपण मान हलवायची. पण ती हार किरकोळ म्हणून सोडायची नाही. २०२३ ला ८८ जिंकले आणि ऑक्टोबरातल्या बाद फेरीच्या एका मॅचनं बाहेर राहिले. २०२४ ला ८५, परत एकाच मॅचनं. दोन्ही वर्षी ऑक्टोबरात मी वही मागं उलटत गेलो, आणि एप्रिल-मेमध्ये एका धावेनं घालवलेल्या मॅच बोट ठेवून दाखवता आल्या. वही नसती तर मी नशिबाला दोष दिला असता.

भात लावणीच्या धामधुमीत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत येते, जुलै संपताना. तेव्हा वहीत एक पान वेगळं ठेवा, कोण आला, कुणाला देऊन आणला. २०२५ ला जॉश नेलर आणि युजेनियो सुआरेझ असे दोघे ॲरिझोनाकडनं आले. सप्टेंबरपासून मागं किती हा आकडा रोज लिहा, आता त्याला अर्थ येतो.

ऑक्टोबरात दोन्ही लीगमधले सहा-सहा संघ उरतात: गट जिंकलेले तीन, आणि बाकीच्यांतले वरचे तीन. आधीच्या फेरीत तीनपैकी दोन मॅच जिंकायच्या, मग पाचपैकी तीन, मग सातपैकी चार, आणि शेवटी वर्ल्ड सिरीज, तीही सातपैकी चार. वेळा बदलतात, पहाटेच्या होतात, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा. ११ ऑक्टोबर २०२५, शनिवार. पाचपैकी तीनच्या फेरीत डेट्रॉइटशी पाचवी मॅच, साडेपाचच्या पुढं सुरू झाली. मी मोबाइल काट्याशेजारी उभा करून दूध मोजत होतो. मॅचचे ठरलेले नऊ डाव संपले, बरोबरी, म्हणून डाव पुढं चालू. गाडी गेली, भांडी धुवून झाली, तेरावा डाव. पंधराव्यात होर्हे पोलांकोनं फटका मारला आणि ३-२ नं जिंकलो, तेव्हा साडेदहा झाले होते. डेअरीच्या पायरीवर चौघं म्हातारे बसलेले, त्यांना नियम ठाऊक नाहीत, पण शेवटचे दोन डाव ते हलले नाहीत.

दहा दिवसांनी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीची टोरांटोत सातवी मॅच. सातव्या डावापर्यंत ३-१ नं पुढं होतो. जॉर्ज स्प्रिंगरनं तीन धावांचा होमरन मारला आणि ४-३ नं गेलो. मरिनर्स वर्ल्ड सिरीजला आजवर एकदाही पोचलेले नाहीत, तीस संघांत असा हा एकच. त्या दिवशी घरात फराळाची ताटं मांडली होती, मला चकली गिळवली नाही. अशा दिवशी वही लगेच भरू नका. मी पाडव्याला, नवं रजिस्टर पुजायला ठेवलं तेव्हा, ती ओळ लिहिली.

नोव्हेंबर ते जानेवारी फक्त कोण गेला, कोण आला एवढं बघा. फेब्रुवारीच्या मध्याला पिचर आणि कॅचर सरावाला जमतात, मग ॲरिझोनात महिनाभर सराव सामने होतात. ते बघा, नवी पोरं ओळखीची होतात. पण वहीत लिहू नका, ते सामने कशातच धरत नाहीत.