प्रागचा चार्ल्स पूल फोनवर टिपताना

१३५७ साली पायाभरणी झालेल्या या पुलावर उजाडतानाच पोचा; नंतर पर्यटकांची डोकीच दिसतात. सकाळचं ऊन जुन्या शहराच्या बाजूने येतं, म्हणून तिकडे पाठ केली की समोरचा किल्ला उजळून निघतो. पुलावरचे ३० पुतळे मात्र बरेचसे काळवंडलेले. मागे लख्ख आकाश असलं की फोनवर त्यांचा नुसता काळा आकार येतो. अशा वेळी पुतळ्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की हळूच वर सरकवा. वस्त्रांच्या चुण्या, दाढीची वळणं दिसू लागतात, आणि खरी मजा त्यातच आहे! पुलाच्या टोकाचे मनोरे घेताना वाइड लेन्स टाळा. मागे सरका, फोन तिरका न करता सरळ धरा.