काही नको म्हणणाऱ्या सासू-सासऱ्यांसाठी दिवाळीची भेट

"आम्हाला काही नको," असे सासू-सासरे म्हणतात तेव्हा ते बहुधा मनापासूनच म्हणत असतात; म्हणून खरेदीसाठी बेळगावच्या गणपत गल्लीत शिरण्याआधी त्यांच्या घरात रोज वापरली जाणारी, पण दुरुस्तीवाचून रखडलेली एखादी वस्तू हेरून ठेवावी. सासऱ्यांच्या चष्म्याची दोऱ्याने बांधलेली काडी किंवा मिक्सरच्या भांड्याचे सैल झालेले झाकण बदलून देणे, हे घडी न मोडता कपाटात पडून राहणाऱ्या साडीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. खाऊच न्यायचा असेल, तर दुधाचा कुंदा फार दिवस टिकत नसल्याने निघायच्या दिवशीच ताजा घ्यावा. प्रवास लांबचा असल्यास डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचा गोकाकचा करदंट बरा. मधुमेह असल्यास मात्र दोन्ही टाळावेत.