अमेरिकन खटल्याचा डॉक्युमेंट रिव्ह्यू पुण्यात घेताना

खटल्यात समोरच्या पक्षाला द्यायचे कागद आधी वाचून त्यांची वर्गवारी करायची, हा डॉक्युमेंट रिव्ह्यू. त्याचा डेटा पुण्यात आला तरी जबाबदारी न्यूयॉर्कच्या वकिलाचीच राहते. अमेरिकन बार असोसिएशनच्या ऑगस्ट २००८ मधल्या ०८-४५१ क्रमांकाच्या मतानुसार काम बाहेर द्यायला हरकत नाही. देखरेख, गोपनीयता आणि वाजवी बिल मात्र काम देणाऱ्यानेच सांभाळायचं. म्हणून त्याला आपलं काम सहज तपासता येईल, अशी बसवणी टीम लीडने आधी करावी.

सुरुवातीलाच वकिलाकडून तीन गोष्टी लेखी घ्या. अशिलाने संमती दिल्याची खात्री. दोन्ही पक्षांची, त्यांच्या उपकंपन्यांसकट, नावं. पूर्वीच्या नोकरीत कुणी समोरच्या पक्षाचं काम केलं असेल, तर त्याला या फाइलपासून लांब ठेवा. आणि फेडरल पुराव्याच्या नियम ५०२(डी) खाली कोर्टाचा आदेश आहे का, ते. आदेश असला की चुकून हातचा गेलेला प्रिव्हिलेज्ड कागद (वकील-अशिलातला गोपनीय सल्ला, जो समोरच्याला द्यावा लागत नाही) परत मागता येतो. नसला की पुरेशी काळजी घेतली होती, हे दाखवत बसावं लागतं, आणि तेव्हा तुमचे क्यूसीचे (दर्जा-तपासणीचे) तक्तेच कामी येतात.

पेटंटचा मसुदा आला तर हात लावू नका, आधी विचारा. परदेशात अर्ज करायचा परवाना मसुदा परदेशात लिहून घ्यायला चालत नाही, असं अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जुलै २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे. निर्यातीचे नियम वेगळे पाहावे लागतात.

आता वेळेचा हिशेब. १०,००० डॉक्युमेंट, ताशी ५०, म्हणजे २०० तास. पाच जण रोज खरे सात तास बसले तर कागदावर सहा दिवस होतात. पण पहिले दोन दिवस वेग तिशीच्या वर जात नाही, आणि दहा टक्के फेरतपासणी धरावीच लागते. आठ दिवस सांगा. सहा सांगून आठ लावणाऱ्याला दुसरं काम मिळत नाही.

पहिल्या दिवशी पाचही जणांना तेच २०० डॉक्युमेंट द्या, वकिलालाही त्यातले काही कोड करायला, म्हणजे संबंधित, प्रिव्हिलेज्ड असे शिक्के मारायला लावा. जिथे उत्तरं जुळत नाहीत, तिथे बहुतेक वेळा प्रोटोकॉलचं (रिव्ह्यूच्या लेखी सूचनांचं) वाक्यच ढिलं असतं. ते लगेच दुरुस्त करून घ्या. चौथ्या दिवशी दुरुस्त केलंत तर मागचं सगळं पुन्हा उघडावं लागेल.

सगळ्यात महाग चूक प्रिव्हिलेजची. वकिलांच्या यादीत ‘मार्गारेट’ असते आणि मेलमध्ये सगळे तिला ‘पेगी’ म्हणतात. विल्यमचा ‘बिल’ होतो, रॉबर्टचा ‘बॉब’. आपल्याकडच्या रिव्ह्यूअरला हे ठाऊक नसतं, आणि ‘पेगी म्हणते हे कलम काढा’ असा मेल सरळ समोरच्या पक्षाकडे जातो. यादीत टोपणनावं, मेल पत्ते आणि लॉ फर्मची डोमेन घालूनच काम सुरू करा. उलटही होतं: सीसीमध्ये वकील दिसला की नवखा रिव्ह्यूअर डोळे मिटून प्रिव्हिलेज मारतो. वकील नुसता सीसीत असणं पुरत नाही. सल्ला मागितलाय किंवा दिलाय का, ते वाचा.

एका मेलची अख्खी साखळी एकाच माणसाकडे द्या. नाहीतर मूळ मेल रोखला जातो आणि तोच उत्तराखाली चिकटून बाहेर पडतो. अमेरिकन कागदात ०३/०४ म्हणजे ४ मार्च, ३ एप्रिल नव्हे. हे भिंतीवर लावलं तरी चालेल.

शंकांची यादी रोज एकच पाठवा, बेट्स नंबरसकट (कागदाच्या पानावर छापलेला अनुक्रमांक). न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यांत कॉलची वेळ नव्याने कळवा.

बिलात माणूस, तारीख, बॅच आणि तास वेगवेगळे दाखवा. वकील हा खर्च अशिलाला ‘खर्च’ म्हणूनच लावणार असेल, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास त्याला प्रत्यक्ष खर्च आणि त्याला थेट लागून असलेला ओव्हरहेड एवढंच घेता येतं. गोळा रकमेचं बिल त्याच्या उपयोगाचं नाही.