हात धुण्याची दहा मिनिटं

एचआर शिकून पहिल्यांदाच कारखान्यात रुजू होणाऱ्यांसाठी लिहितोय. भरती, हजेरी, पीएफ तुम्हाला येतंच. मी जिथं तोंडावर आपटलो, तेवढंच सांगतो.

नोकरीचा सातवा महिना. आमच्या मशीन शॉपमध्ये शिफ्ट सुटायच्या दहा मिनिटं आधी सगळे नळावर जायचे. हातावरचं काळं ऑइल नुसत्या साबणानं निघत नाही, लाकडाचा भुसा चोळावा लागतो. मी त्या दहा मिनिटांना माणसांच्या संख्येनं गुणलं, एक्सेलचा तक्ता साहेबांना दाखवला आणि नोटीस लावली: उद्यापासून हात शिफ्ट संपल्यावर धुवावेत. ही सवलत कुठल्याच करारात नव्हती, म्हणून मी निर्धास्त.

इथंच फसलो. औद्योगिक विवाद कायदा, 1947 चं कलम 9ए आठवा. चौथ्या अनुसूचीतल्या बाबींत बदल करायचा, तर आधी कामगारांना नोटीस आणि मग 21 दिवस थांबायचं. पगार, कामाचे तास, रजा हे मला पाठ होतं. आठवी नोंद परीक्षेपुरती वाचलेली: रूढ सवलत काढून घेणं. रूढ म्हणजे वर्षानुवर्षं चालत आलेली. ती लिहिलेली असायलाच हवी असं नाही. पुन्हा सांगतो, लिहिलेली असायलाच हवी असं नाही! आणि 21 दिवस झाले म्हणजे मैदान मोकळं, असंही नाही. युनियननं हरकत घेतली तर प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली, तरी हे सगळं तिच्या कलम 40 मध्ये आणि तिसऱ्या अनुसूचीत आहेच. 'जुनं सगळं गेलं' म्हणणाऱ्या वेबिनारवाल्यांच्या नादी लागू नका.

युनियनचे सेक्रेटरी केबिनमध्ये आले. आवाज चढवला नाही. टेबलाच्या काचेवर तळहात टेकवून म्हणाले, "साहेब, या हातानं बसचा दांडा धरायचा का?" काचेवर पाच बोटं उमटली होती.

चौथ्या दिवशी नोटीस मागे घेतली. पण तिचा फोटो तोवर आयटीआयच्या पोरांच्या मोबाइलवर पोचला होता. पुढच्या महिन्यात अप्रेंटिस भरतीला एकानं विचारलं, "सर, तुमच्याकडे हात धुवायला देत नाहीत ना?" वेबसाइटवर आम्ही हसऱ्या कामगारांचे फोटो टाकले होते, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

घाबरू नका, एवढ्यावर नोकरी जात नाही. माझी गेली नाही. फक्त टाइम ऑफिसमधल्या, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या विभागातल्या, सर्वांत जुन्या क्लार्कशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या. आमच्या क्लार्कना ही सवलत कधीपासून आहे ते माहीत होतं. ते बारावी पास म्हणून मी विचारलंच नाही. ऑनलाइन मेंटॉरला मात्र महिनाभर मेसेज करत होतो.

पुढच्या करारात ती दहा मिनिटं मीच कलम म्हणून घातली. भुशाचं पिंप कुणी भरायचं, यावर अजून वाद आहे.