ऊसगाडीच्या बैलासाठी काही करायचं असेल तर

जानेवारीत सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही कारखान्याच्या रस्त्यावर हे दिसतं. पुढे दोन बैल, मागे उसाचा डोंगर. चढावर एखादा बैल गुडघे टेकतो, कुणीतरी मोबाईल काढतं, व्हिडिओ गावभर फिरतो आणि गाडीवानाला शिव्या पडतात. असा एक व्हिडिओ मीही टाकला होता. त्यानंतर मुकादमानं, म्हणजे तोडणीच्या टोळ्या आणणाऱ्या ठेकेदारानं, त्या गाडीवानाला रात्रीच्याच खेपा करायला लावल्या. बैल तेच, ओझं तेच, वर अंधार. त्यानंतर ठेचा खात जे शिकले ते सांगते.

१. आधी गाडीतळावर जाऊन बसा

गाडीतळ म्हणजे कारखान्याजवळ बैलगाड्या थांबतात ती जागा. बोलायला नाही, बघायला. तीन-चार दिवस, सकाळी आणि संध्याकाळी. एक साधी वही ठेवा: गाड्या किती आल्या, किती बैलांचे खांदे सुजलेत, पराणीला (बैल हाकायच्या काठीला) आर, म्हणजे टोकदार खिळा, आहे का, वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत बैल जुंपलेलेच असतात का, पाणी कुठे आहे. खांदा कसा बघायचा हे गाडीवानच शिकवतात. जू बसतं तिथे तळहात ठेवला की दुखरा खांदा गरम लागतो, आणि जरा दाबलं की बैलाची कातडी थरथरते. माणसांचे चेहरे टिपू नका. एकदा फोटो काढलात की पुढच्या दिवशी कुणी बोलणार नाही.

२. ओझं कोण ठरवतं ते समजून घ्या

इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा थांबते. बीडकडून आलेला गाडीवान उचल, म्हणजे मजुरीवरची आगाऊ रक्कम, घेऊन आलेला असतो. बैलजोडी बऱ्याचदा त्या उचलीतूनच घेतलेली. तोडणीचे पैसे टनावर, वाहतुकीचेही टनावर. उचल फिटेपर्यंत गावाकडे परतायची सोय नाही. मग गाडी भरताना दोन मोळ्या कमी टाकायच्या कुणी? मी एकदा तसं सुचवलं. त्या दादांनी शांतपणे विचारलं, "ताई, त्या दोन मोळ्यांचे पैसे तुम्ही देता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बैल मेला तर सगळ्यात मोठं नुकसान त्यांचंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळदीनं खांदेमळणी करणारा माणूस हौसेनं बैल मारत नाही. त्यामुळे मागणी न्यायची ती दर, अंतर आणि वजन ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे, म्हणजे कारखान्याकडे.

३. कायदा माहीत असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका

ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, तापमान ३७ अंशांच्या वर गेलं तर दुपारी १२ ते ३ काम बंद. टोकदार आर चालत नाही. ओझ्याची मर्यादा बैलाच्या आकारावर आणि चाकांवर ठरते, मोठा चढ असेल तर ती निम्म्यावर येते. हे कागदावर छान आहे. पण मूळ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाला कोण घाबरणार? नियमांचा उपयोग बैठकीत होतो. मागणी तुमच्या मनची नसून सरकारी नियमातली आहे, हे दाखवता येतं.

४. एकच मागणी, मोजता येईल अशी

"बैलांचा छळ थांबवा" ही मागणी नव्हे. "काट्यावर ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरलेली बैलगाडी घ्यायची नाही आणि टनाचा दर त्या हिशेबानं वाढवायचा" ही मागणी आहे. कारखाना प्रत्येक गाडी भरलेली आणि रिकामी तोलतोच, म्हणजे आकडे त्यांच्याकडे तयार असतात. दर वाढवण्याचा भाग गाळू नका, नाहीतर बैलाचं ओझं उतरून माणसाच्या पोटावर येतं. हे जड वाटलं तर पहिल्या वर्षी गाडीतळावर सावली, पाण्याचा हौद आणि आरबंदी एवढंच मागा.

"बैलगाडीच बंद करा, ट्रॅक्टर आणा" असं म्हणणाऱ्यांनी एका प्रश्नाचं उत्तर आधी तयार ठेवावं: सुटलेले बैल जाणार कुठे? राज्यात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. सांभाळायची सोय नसेल तर ती मागणी अर्धीच आहे.

५. वेळ साधा

जानेवारीत कारखान्याच्या दारात उभं राहून काही होत नाही, गाळप थांबवणं कुणाला परवडत नाही. मुकादमांशी करार पावसाळ्याच्या आसपास होतात, आणि सहकारी कारखान्याची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. हंगामात वही भरा, सभेत ती उघडा. बाहेरच्या कार्यकर्त्याला तिथे कुणी विचारत नाही, पण सभासदाला बोलू द्यावंच लागतं. ओळखीतला एखादा ऊस घालणारा सभासद गाठा, त्याच्या नावानं विषय लेखी द्या. माझ्या अनुभवात दहा मोर्चांपेक्षा एका सभासदाचं पत्र जास्त चालतं.

६. हातात काहीतरी घेऊन जा

गाडीतळावर पशुवैद्यकाचं शिबिर लावा. फिरत्या पथकासाठी पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक आहे, आणि अ‍ॅनिमल राहत ही संस्था सांगली-सोलापूर भागात अशा बैलांवर उपचार करते. बैलाला मलम लागलं की गाडीवान तुमच्याशी मोकळं बोलतो. २०२२ मध्ये वाळवा तालुक्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली आधाराचं तिसरं चाक बसवलं होतं, नाव ‘सारथी’. मानेवरचा भार कमी करणारी अशी जोडणी चार गाड्यांना लावून दाखवा. आणि गाडी भरताना ओझं आसाच्या पुढे आलं तर ते मानेवर बसतं, फार मागे गेलं तर गाडी उलाळ होते, म्हणजे पुढून वर उचलली जाते. हे गाडीवानाला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, पण भरणारे हात घाईत असतात. तेवढ्यापुरती आठवण करून द्या.

७. पुन्हा मोजा

पुढच्या हंगामात त्याच महिन्यात, त्याच गाडीतळावर. नोव्हेंबरची तुलना फेब्रुवारीशी करू नका, हंगाम सरेल तसे खांदे बिघडतच जातात. शंभरातले किती सुजलेले होते, आता किती, एवढं लिहा. आकडा हलला नसेल तर तेही कारखान्याला तसंच कळवा.