फोनवर ‘हो सर’ म्हणण्याआधी

नर्स म्हणून वॉर्डमधली माझी पहिलीच नाईट. डॉक्टरांनी फोनवर इन्शुलिनचा डोस सांगितला, मी ‘हो सर’ म्हणून फोन ठेवला. ट्रॉलीपाशी आले आणि घाम फुटला. फिफ्टीन म्हणाले की फिफ्टी? परत फोन करायला हात धजेना. इन्चार्ज सिस्टरनी विचारलं, ‘‘किती युनिट?’’ मी गप्प. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. पंधरा होते.

खरं सांगते, त्या रात्री पेशंटपेक्षा डॉक्टर चिडतील याचीच धास्ती मला जास्त होती. नव्याने लागलेले बहुतेक जण इथेच फसतात.

म्हणून ऑर्डर ऐकता ऐकताच लिहायची. मग लिहिलेलं वाचून दाखवायचं: पेशंटचं नाव, औषध, डोस, तोंडाने की शिरेतून, किती वाजता. आकडा सुटा करून बोलायचा, ‘वन फाइव्ह, पंधरा’. पलीकडून ‘बरोबर’ आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ‘युनिट’ पूर्ण लिहा. नुसता इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. बाटलीवर मिलीला ४० युनिट लिहिलंय की १००, सिरिंज त्याच मापाची आहे का, तेही बघा. आणि इन्शुलिन भरल्यावर दुसऱ्या सिस्टरला दाखवा. लाज कसली त्यात?

बीपी न घेताच १२०/८० लिहायला शिकवणारे सीनियर भेटतील. फार गोड असतात. लांब राहा. त्यापेक्षा ओरडणारी इन्चार्ज परवडली.

हात थरथरतात, ते कमी होतं. श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा, दोन-चार वेळा. छातीतली धडधड थोडी उतरते. नाईटला चहा-कॉफीचा मारा केलात तर तीच धडधड पुन्हा चढते. घरी गेल्यावर ‘ते इंजेक्शन दिलं ना?’ म्हणून मी कितीदा वॉर्डला फोन केलेत! आता ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरकडे काम सोपवताना, खिशातल्या कागदावरची कामं एकेक खोडते. पण ड्यूटीच्या विचाराने रोज उलटी होत असेल, आठवडे झोप नसेल, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. आपणच या क्षेत्रातले, तरी हे आपल्यालाच सुचत नाही.

ऑर्डर घेताना माझा आवाज अजून चढतो. परवा एक डॉक्टर म्हणाले, ‘‘सिस्टर, मला ऐकू येतं.’’ मी सॉरी म्हटलं आणि आकडा पुन्हा वाचला.