मेंढीचा जोन्स रोग : आतडे तपासताना या चुका टाळा

जोन्स रोग म्हणजे जिवाणूंमुळे आतड्याला होणारा, जनावराला हळूहळू हडकवणारा रोग. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेंढीच्या आतड्यात गाईचा जोन्स रोग शोधत बसणे. गाईत आतड्याचे अस्तर जाड होते आणि त्याला मेंदूसारख्या ठळक वळ्या पडतात. मेंढीत या वळ्या पुष्कळदा पुसट असतात किंवा पडतच नाहीत. बहुतेक मेंढ्यांना सतत हगवणही लागत नाही. मेंढी चरते आणि तरीही हडकत जाते, लोकर विरळ होते. प्रथिने आतड्यातून झिरपून गेली की कधी जबड्याखाली पाणी साचते, आणि ते जंतांमुळेच आहे असे समजून जंतनाशक पाजले जाते. मेंढ्या एकामागून एक जातात, निदान मात्र होत नाही, याचे फार वाईट वाटते.

शवविच्छेदनात नुसते बघू नका, चाचपा. लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे ईलियम, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला की जाडी हाताला कळते. आतड्याच्या बाहेरून दोरीसारख्या फुगलेल्या लसिकावाहिन्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि सुजलेल्या लसिका ग्रंथीही शोधा. काहीच दिसले नाही तरी नमुने घ्याच.

उलटी चूकही होते. कोकराच्या ईलियममध्ये पेयर्स पॅच नावाची लसिका-ऊती लांब पट्ट्यासारखी पसरलेली असते, त्यामुळे तो भाग मुळातच जाड लागतो. वाढत्या वयात ती आटते. म्हणून नमुन्यासोबत वय लिहा.

आतड्याचे अस्तर मृत्यूनंतर काही तासांतच सडू लागते. उशीर करू नका, आतून खरवडू नका, गोठवू तर नकाच. ईलियम, अंधनालाजवळची (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीजवळची) झडप आणि लसिका ग्रंथी यांचे पातळ तुकडे, त्यांच्या दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (ऊती सडू न देणाऱ्या द्रावणात) ठेवा.

आता प्रयोगशाळेचा अहवाल. झील-नील्सन रंगाने (या रंगात जोन्स रोगाचे जिवाणू लाल दिसतात) काही मेंढ्यांत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, लाल जिवाणूंनी खच्चून भरलेल्या दिसतात. काहींत मात्र लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी असते आणि जिवाणू मोजकेच, कधी एकही नाही. अशा मेंढीची रक्तातील प्रतिपिंडांची चाचणीही बऱ्याचदा निगेटिव्ह येते. त्यामुळे ‘जिवाणू आढळले नाहीत’ या ओळीवर फाइल बंद करू नका. पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, मागवा. कल्चर करायचे, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहायचे असेल, तर या जिवाणूचे मेंढीत आढळणारे प्रकार फार सावकाश वाढतात, महिनोन्महिने वाट पाहावी लागते, हे आधीच धरून चाला.